शेततळ्यातले शेवाळ : औषधाआधी कारण पाहा



होळी झाली, उन्हे तापू लागली की शेततळ्यावर हिरवी साय धरू लागते. ठिबकची गाळणी दोन-दोन दिवसांनी तुंबते, तोट्या गळेनाशा होतात आणि ऐन वैशाखात बागेतली टोकाची झाडे तहानलेली राहतात. मग जो तो विचारतो, "साहेब, शेवाळावर औषध सांगा." औषध आहे, पण आधी हे शेवाळ आले कोठून, ते पाहू या.

न पेरलेले पीक

उसाला जे लागते तेच शेवाळाला लागते : ऊन, पाणी आणि खत. ऊन आणि पाणी तळ्यात आहेच. खत आपणच पुरवतो. रानातला युरिया आणि डीएपी पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येतो, गोठ्याचे सांडपाणी उतरते, काठावरच्या उकिरड्याचा निचरा होतो, माशांचे उरलेले खाद्य कुजते. पैसे मोजून आणलेले नत्र-स्फुरद असे तळ्यात जाते आणि तेथे शेवाळाचे पीक उभे राहते.

मोरचुदाची मूठ

द्राक्षवाल्यांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतोच. अंदाजाने मूठभर टाकला की पाणी निवळते, हे खरे. पण हिशेब करून पाहा. वर २० बाय २० मीटर, खोली ३ मीटर आणि १:१ उताराच्या बाजू, अशा भरलेल्या तळ्यात सुमारे ८७६ घनमीटर पाणी मावते. घनमीटरला १ ग्रॅम धरला तर ८७६ ग्रॅम मोरचूद झाला. उन्हाळ्यात त्याच तळ्यात १ मीटर पाणी उरले, तर ते फक्त २२५ घनमीटर भरते. भरल्या तळ्याचा डोस तेव्हा टाकला, तर तो जवळजवळ चौपट होतो!

मासे विषाने वाचले तरी धोका टळत नाही. एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि वर्षाची मेहनत एका रात्रीत पाण्यावर तरंगते. वर कुजलेल्या शेवाळातले खत पाण्यातच राहते, म्हणून काही आठवड्यांत तळे पुन्हा हिरवे होते. तेव्हा तळ्यात मासे असतील, तर पाणी तपासून मत्स्य अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय मोरचूद टाकू नका.

मग करावे काय?

१. तळ्याभोवती उंच बांध घालून बाहेर चर काढा. बांधावर गवत राखा. उकिरडा दूर हलवा.

२. दोरीसारखे लांब शेवाळ बांबूला जाळी बांधून काठाशी ओढा. तळ्याचा कागद मात्र फाटू देऊ नका. काढलेले शेवाळ कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. वाहून गेलेले खत तेवढे परत मिळते.

३. पाण्यात तरंगणारे बारीक शेवाळ चंदेरा मासा खातो, कोवळ्या पाणवनस्पती गवत्या खातो. माशांना उरेल इतके खाद्य घालू नका.

४. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागाखाली अर्धा मीटर ठेवा. वरची साय आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात. वाळूची गाळणी वेळच्या वेळी उलट्या प्रवाहाने धुवा.

थोडा हिरवेपणा हवाच

मत्स्यतळ्याचे पाणी आरशासारखे नको. हिरवट पाण्यातच माशांचे नैसर्गिक खाद्य असते. हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगट बुडताच दिसेनासा झाला, तर खत-खाद्य थांबवा.

एक गोष्ट मात्र घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. पाण्यावर हिरवा-निळा रंग ओतल्यासारखा दाट थर दिसला, तर ते पाणी जनावरांना पाजू नका, मुलांना त्यात उतरू देऊ नका. या जातीचे काही शेवाळ विषारी असते.

मृगाच्या आधी चर काढून ठेवा. पहिल्या पावसाचे खतकट पाणी बाहेरच्या बाहेर गेले, तर पुढच्या उन्हाळ्यातले निम्मे काम आताच झाले म्हणून समजा.