सीमेपलीकडचा भाव : पेट्रोल, गोल्फचा सेट आणि हुपरीची चांदी

नोव्हेंबर २०२१ मध्ये, ऐन दिवाळीत, केंद्र सरकारने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरचे १० रुपयांनी कमी केले. लगोलग कर्नाटकाने राज्याचा करही दोन्हींवर ७ रुपयांनी उतरवला. महाराष्ट्राने त्या वेळी तसे केले नाही. इथली ठळक कपात, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये, झाली ती थेट जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात कागल आणि कोल्हापूरकडच्या गाड्या टाकी भरायला कोगनोळी, निपाणीच्या पंपांकडे वळत. तेल तेच, कंपन्या त्याच, रुपयाही तोच. वेगळा होता तो फक्त रस्त्याच्या एका टप्प्यावर बदलणारा कर.

अर्थशास्त्रात ‘एक वस्तू, एक भाव’ असा एक नियम सांगतात. एखादी वस्तू एका ठिकाणी स्वस्त आणि दुसरीकडे महाग असेल, तर कोणीतरी ती इथे घेऊन तिथे विकेल. या खरेदी-विक्रीने स्वस्त जागी भाव चढेल, महाग जागी उतरेल आणि शेवटी दोन्हीकडे सारखा होईल. नियम सोपा आहे, पण त्याला एक अट आहे. वस्तू सीमा ओलांडू शकली पाहिजे आणि ओलांडण्याचा खर्च भावातल्या फरकापेक्षा कमी असला पाहिजे. कागलच्या माणसाला निपाणी परवडते, पन्हाळ्याच्या माणसाला केवळ पेट्रोलसाठी तिथवर जाणे परवडत नाही. म्हणजे एकाच फरकाचा लाभ एकाला होतो, दुसऱ्याला होत नाही. सीमा देशांची असली की यात चलनाची भर पडते, आणि हिशेब बराच गुंतागुंतीचा होतो.

गोल्फचा सेट कुठे घ्यावा?

गोल्फच्या साहित्याचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण या वस्तू जवळजवळ सगळ्या जगात त्याच त्या मॉडेलच्या विकल्या जातात. खेळाच्या नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ स्टिक ठेवता येतात. त्यांची लोखंडी डोकी बहुतांशी चीन, तैवान, व्हिएतनाम इथल्या कारखान्यांत ओतली किंवा घडवली जातात. ब्रँड मात्र प्रामुख्याने अमेरिकी नाहीतर जपानी. वस्तू एकच असल्याने भावातला फरक चटकन डोळ्यांत भरतो.

समजा, एक अर्धा सेट अमेरिकेत ६०० डॉलरला आणि जपानमध्ये, पर्यटकाला मिळणारी करसवलत धरून, ६०,००० येनला मिळतो. या किमती केवळ हिशेबासाठी घेतल्या आहेत, विनिमय दर मात्र खरे आहेत. जानेवारी २०२१ मध्ये डॉलर सुमारे ७३ रुपयांना होता आणि एक येन सुमारे ७० पैशांना. तेव्हा अमेरिकेतला सेट ४३,८०० रुपयांना पडला असता, जपानमधला ४२,००० रुपयांना. फरक नगण्य. जुलै २०२४ मध्ये डॉलर ८३.५० रुपयांवर गेला आणि येन मात्र ५२ पैशांपर्यंत घसरला. आता अमेरिकेतला सेट ५०,१०० रुपयांचा आणि जपानमधला ३१,२०० रुपयांचा. दोन्ही दुकानांनी आपल्या पाटीवरचा आकडा बदललेला नाही, कारखाना तोच आहे, तरी भारतीय गिऱ्हाइकासाठी एक दुकान महागले आणि दुसरे स्वस्त झाले. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ‘रुपया घसरला’ हे वाक्य अर्धेच असते. तो कशाच्या तुलनेत घसरला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

मग ही तफावत मिटत का नाही? कारण ब्रँडची वस्तू धान्यासारखी मोकळी फिरत नाही. कंपनी प्रत्येक देशात अधिकृत विक्रेते नेमते, त्या देशातली मागणी आणि गिऱ्हाइकाची ऐपत पाहून किंमत ठरवते, आणि हमी अनेकदा खरेदीच्या देशापुरती ठेवते. भारतात गोल्फ खेळणारे थोडे आणि विक्रेतेही मोजके, त्यामुळे आयात शुल्क, वाहतूक, अडकलेले भांडवल आणि नफा हे सगळे थोड्या नगांवर पसरते. शिवाय किंमत यादी हंगामापुरती छापलेली असते. रुपया घसरला की पुढचा माल महाग येतो, पण रुपया सावरला म्हणून यादी लगेच खाली येत नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकरवी वस्तू मागवणे हा आपल्याकडचा जुना मार्ग. तिथेही विनिमय दर आडवा येतो. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या सामान नियमांनुसार बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला २०२५ मध्येही ५०,००० रुपयांपर्यंतच्याच वस्तू शुल्काविना आणता येत होत्या. त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क लागत होते. नियम आला तेव्हा ५०,००० रुपये म्हणजे सुमारे ७५० डॉलर होते. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉलर ८८ रुपयांच्या पुढे गेल्यावर तीच मर्यादा ५७० डॉलरच्या खाली आली. कोणत्याही सरकारी आदेशाविना सवलत जवळजवळ पाव भागाने आटली. २०१६ मध्ये जो ६०० डॉलरचा सेट मर्यादेत बसत होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५२,८०० रुपयांचा होऊन मर्यादेबाहेर पडला.

गोल्फ हा थोड्यांचा खेळ आहे आणि सेट महागला म्हणून कोणाची चूल विझत नाही. पण हेच गणित जेव्हा कच्च्या मालाला लागते, तेव्हा ते घराघरांत शिरते. त्यासाठी कोल्हापूरहून फार लांब जावे लागत नाही.

हुपरीचा धागा लंडनपर्यंत

हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखली जाते. पैंजण, चाळ, जोडवी, कमरपट्टे इथून दूरदूरच्या सराफ बाजारांत जातात. हुपरी आणि रेंदाळ, यळगूड अशा शेजारच्या गावांत आटणी, तार ओढणे, साखळी विणणे, झाळकाम, घुंगरू लावणे, पॉलिश ही कामे वेगवेगळ्या हातांत वाटलेली असतात आणि त्यातली बरीच घरातच होतात. चांदी मात्र इथली नाही. देशात ती प्रामुख्याने राजस्थानात, जस्त आणि शिशाच्या खाणींतून निघते. ती गरजेला पुरत नाही, म्हणून मोठा भाग आयात होतो.

गोल्फच्या सेटला ब्रँड असतो, चांदीच्या विटेला नसतो. टंच एकदा ठरला की लंडनची चांदी आणि हुपरीची चांदी एकच. म्हणून ‘एक वस्तू, एक भाव’ हा नियम चांदीला जवळजवळ काटेकोर लागू पडतो. हिशेब कोणालाही करता येईल. आंतरराष्ट्रीय भाव एका ट्रॉय औंसाला, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅमला, डॉलरमध्ये सांगतात. त्याला डॉलरच्या दराने गुणायचे, ३१.१०३५ ने भागायचे आणि हजाराने गुणायचे, की किलोचा भाव निघतो. त्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये ६ टक्के आयात शुल्क आणि मग ३ टक्के जीएसटी लागत होता.

सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला चांदी ४० डॉलरच्या घरात होती आणि डॉलर ८८ रुपयांच्या. किलोचा मूळ भाव येतो १,१३,१७० रुपये. शुल्क धरून तो १,१९,९६० च्या आसपास जातो आणि जीएसटीसह १,२३,५०० च्या वर.

आता चौदा वर्षे मागे जाऊ. एप्रिल २०११ च्या अखेरीस चांदीने मोठी उसळी घेतली होती आणि ती ४८ डॉलरच्या आसपास होती. म्हणजे डॉलरमध्ये ती सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीपेक्षा महाग होती. पण तेव्हा डॉलर ४४.५० रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे किलोचा मूळ भाव निघतो ६८,६७४ रुपये. अमेरिकी माणसाच्या दृष्टीने दोन तारखांमध्ये चांदी सहाव्या भागाने स्वस्त झाली. हुपरीच्या माणसाच्या दृष्टीने ती ६५ टक्क्यांनी महागली. ही सगळी वाढ एकट्या रुपयाच्या घसरणीची.

दहा लाखांच्या भांडवलात २०११ मध्ये, कर न धरता, साडेचौदा किलो चांदी येत होती. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला येत होती पावणेनऊ किलोच्या आसपास. व्यवहार धातूत ठरला असेल, म्हणजे चांदी द्यायची आणि तितकीच चांदी परत घ्यायची, तर भावाचा धोका टळतो. पण रुपयांत उधारी दिली असेल आणि वसुलीच्या आत भाव चढला, तर आलेल्या पैशांत गेलेला माल पुन्हा उभा राहत नाही. छोट्या उत्पादकाला बुडवते ती बहुधा ही दरी.

कारागिराची गोष्ट आणखी वेगळी. त्याची मजुरी वजनावर. चांदी महागली म्हणून मजुरी त्याच प्रमाणात वाढत नाही. उलट गिऱ्हाईक हलके पैंजण मागते, तेव्हा त्याच्या हाताखालून जाणारे वजनच घटते. नाजूक काम जास्त आणि तोललेले ग्रॅम कमी.

बट्ट्याचा जुना अनुभव

विनिमय दर हा शब्द आपल्याला नवा वाटेल, पण बट्टा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रात चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एका भागातले नाणे दुसरीकडे देताना सराफ त्याचा कस पाहून बट्टा कापून घेई. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकसारखा रुपया आणला. त्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी होती. तेवढ्या चांदीची किंमत सप्टेंबर २०२५ च्या वरच्या भावाने १,२०० रुपयांहून अधिक होते.

रुपयाच चांदीचा असल्यामुळे तेव्हा चांदीचा जागतिक भाव हाच रुपयाचा विनिमय दर होता. १८७० नंतर चांदी पडत गेली आणि दोन शिलिंगांच्या घरातला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. त्या वर्षी सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन नाणी पाडून देणे बंद केले.

या घडामोडींचा सखोल अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये केला. मार्च १९२० मध्ये याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद झाली, आणि त्याच वर्षी ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या त्यांच्या ग्रंथातला एक मुद्दा आजही लागू पडतो. रुपया पडला की निर्यातदाराला फायदा होतो, असे म्हटले जाई. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? किमती वाढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणून तो येतो. म्हणजे तो परदेशी गिऱ्हाइकाकडून मिळालेला नसून आपल्याच कामकऱ्याच्या खिशातून गेलेला असतो. मजुरी वजनावर मोजणाऱ्या गावात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

थायलंडचा दागिना

रुपयाचा दर आपल्या हाती नाही, पण कर आपण ठरवतो, आणि तिथे एक वेगळीच सीमा तयार झाली आहे. चांदीवरचे आयात शुल्क २४ जुलै २०२४ पासून १५ टक्क्यांवरून ६ टक्के झाले. पण आसियान देशांशी असलेल्या मुक्त व्यापार करारामुळे थायलंडहून आलेल्या तयार दागिन्यावर शुल्कच नाही. कच्च्या मालावर कर आणि पक्क्यावर माफी, असा हा उलटा प्रकार.

वरच्याच हिशेबाने पाहू. १,१३,१७० वर ६ टक्के म्हणजे किलोमागे सुमारे ६,७९० रुपये. थायलंडहून आलेला दागिना हुपरीच्या दागिन्यापेक्षा एवढ्या रकमेने आधीच पुढे असतो, मग त्याची कलाकुसर कशीही असो. साधी साखळी, जिला घडणावळ कमी, ती तर केवळ करातला फरक मिळवण्यासाठी ‘दागिना’ म्हणून आणता येते. इथे पुढे वितळवली की ती पुन्हा चांदीच. कागलची गाडी निपाणीला वळते त्याचेच हे मोठे रूप. फरक एवढाच की इथे वळणारे मोठे आयातदार असतात आणि मागे राहणारा कारागीर.

ही आयात फुगल्याचे दिसल्यावर केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी खडे न जडवलेले चांदीचे दागिने ३१ मार्च २०२६ पर्यंत निर्बंधित यादीत टाकले. म्हणजे त्या मुदतीत ते परवान्याशिवाय आणता येणार नव्हते. हुपरी, आग्रा, सेलम, राजकोट अशा सगळ्या चांदीच्या गावांना त्याने थोडी उसंत मिळण्याची आशा होती.

पण परवाना हा बांध आहे, उतार त्याने बदलत नाही. निर्बंधाची ती मुदत मार्च २०२६ अखेरपर्यंतचीच होती, आणि कच्च्या चांदीवर शुल्क व तयार दागिन्यावर शून्य हे अंतर तसेच राहिले तर माल पुन्हा त्याच वाटेने येईल. डॉलर चढला की हुपरीच्या उत्पादकाला रुपयाचा भार उचलावाच लागणार आहे. त्यावर कराचा भारही एकट्या त्याच्यावर ठेवायचा का, हा निर्णय मात्र दिल्लीत घेता येतो.