काळ्या खडकाच्या मुलखांत सुटीचा बेत



सुटी लागली कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा कोठें जावयाचें ? मग कोणी तरी एखाद्या ठिकाणाचें नांव घेतो, शेजारीपाजारी तेथें जाऊन आलेले असतात, आणि बेत ठरतो. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागांत जावयाचें असल्यास एवढें पुरत नाहीं. तेथील खडकाचा स्वभाव आधीं जाणून घ्यावा लागतो. कारण केव्हां जावें, कोठें बसावें, पाणी किती न्यावें आणि पाऊल कोठें टाकूं नये, हें सारें तो खडकच ठरवितो. पुणें जिल्ह्यांतील जुन्नरचा परिसर उदाहरणादाखल घेऊन हा विषय मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

हा खडक आला कोठून ? सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथील भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो काकवीसारखा दूरवर पसरला, थिजला, आणि कालांतरानें त्यावर दुसरा थर आला. असे थरावर थर चढत गेले. आज या खडकानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यांतील ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीचा कोणताहि डोंगर दुरून पाहावा, त्याच्या पायऱ्या मोजतां येतात.

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट व कणखर असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळें सच्छिद्र व ठिसूळ होतो. कणखर भागाचा उभा कडा राहतो आणि ठिसूळ भाग झिजून त्याची उतरण होते. ही एवढी गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढचें सारें सोपें जातें.

प्रथम ऋतूचा विचार करूं. पावसाळ्यांत हा मुलूख अत्यंत देखणा दिसतो, यांत शंका नाहीं. परंतु त्याच दिवसांत काळ्या खडकावर शेवाळ धरतें, फटींत पाणी शिरून दगड सुटतात, आणि माथ्यावर पाऊस झाला म्हणजे खालचा ओढा बघतां बघतां फुगतो. धबधब्याच्या कडेवर उभे राहून प्राण गमावल्याच्या वार्ता दरवर्षीं येतात. अशा जागीं प्रवेशबंदीचे हुकूम निघतात ते उगीच नव्हेत. उलट, चैत्र-वैशाखांत हाच खडक तापून तव्यासारखा होतो. म्हणून मुलेंबाळें व वडील माणसें बरोबर असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मात्र १९ फेब्रुवारीस शिवजयंतीनिमित्त शिवनेरीवर मोठी गर्दी होते, हें लक्षांत ठेवावें.

पुण्याहून नारायणगांवमार्गें जुन्नर सुमारें ९५ किलोमीटर आहे. तेथें मुक्काम करून तीन दिवसांचा बेत आखावा.

पहिल्या दिवशीं सकाळीं शिवनेरी पाहावा. शिवछत्रपतींचें हें जन्मस्थान. जन्माचें वर्ष १६३०. सात दरवाजे ओलांडून वर गेल्यावर गंगा-जमुना हीं खडकांत खोदलेलीं टाकीं दिसतात. ऊन उतरल्यावर लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या चढाव्या. तेथें ३० लेणीं आहेत. त्यांपैकीं सातव्यांत अष्टविनायकांतील गिरिजात्मज विराजमान आहे. त्या विस्तीर्ण दालनांत मध्यें एकहि खांब नाहीं. वरचा थर सलग व कणखर म्हणूनच हें छत तोलून राहिलें आहे. जुन्नरच्या आसपास अशीं दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. त्या जुन्या पाथरवटांना खडकाची पारख उत्तम होती, याचा हा उघड पुरावा होय.

दुसरा दिवस नाणेघाटास द्यावा. जुन्नरहून घाटघरमार्गें ३०-३५ किलोमीटर जावें लागतें. घाटमाथा आणि कोंकण यांना जोडणारी ही खडकांत फोडलेली प्राचीन वाट. तोंडाशीं दगडी रांजण आहे. त्यांत जकात टाकीत, असें परंपरा सांगते. जवळच्या गुहेंत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील शिलालेख आहे. त्यांत यज्ञांत दिलेल्या दानांचीं नोंद असून भारतांतील अत्यंत जुन्या अंकचिन्हांपैकीं कांहीं येथें पाहावयास मिळतात. कड्याच्या टोकाशीं मात्र मुलांचा हात सोडूं नये. पावसाळ्यांत येथील धबधबा वाऱ्यानें उलटा वर उडतो. जो वारा पाणी परतवितो तो माणसाचाहि तोल घालवूं शकतो.

तिसऱ्या दिवशीं कुकडी नदीच्या कांठीं निघोज येथें जावें. हें गांव अहिल्यानगर जिल्ह्यांत पारनेर तालुक्यांत आहे. नदीच्या पात्रांत शेंकडों रांजणखळगे दिसतात. प्रवाहाबरोबर आलेले गोटे खडकाच्या खळग्यांत अडकून गरगर फिरतात आणि जात्यासारखा तळ घांसतात. हजारों वर्षांत त्यांचे खोल रांजण बनले. खळग्यांत उतरण्याचा मोह आवरावा. कडा गुळगुळीत असून आंतून वर येणें कठीण. वरच्या धरणांतून पाणी सोडलें असल्यास पात्रांत पाऊलहि टाकूं नये. येथून शिरूरमार्गें पुण्यास परततां येतें.

आतां तीन सूचना. कड्याच्या पायथ्याशीं सावली पाहून फराळास बसूं नये. वरून दगड सुटण्याची तीच जागा. दुसरी, पुढें आलेल्या कणखर थराखालीं आग्या मोहोळें लटकतात. तेथें धूर, आरडाओरड व अत्तरें टाळावीं.

तिसरी सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. हा सलग खडक पाणी फारसें मुरवूं देत नाहीं. घाटावर धो धो पाऊस पडूनहि चैत्रांत अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गांठतात आणि बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. लेणीं खोदणाऱ्यांनीं शेजारीं टाकीं खोदलीं, त्याचें कारणहि हेंच. तेव्हां माणशीं निदान तीन लिटर पाणी आपलें आपण न्यावें. गांवच्या पाण्यांत हातपाय धुऊं नयेत, टाक्यांत कचरा टाकूं नये. आपण दोन घटका राहून परत येतों. तें पाणी मात्र तेथल्या माणसांना उन्हाळाभर पुरवावयाचें असतें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं जुन्नरास कोणाकडे तरी चौकशी करावी : वाट खुली आहे काय, नदीस पाणी किती आहे ? उत्तर समाधानकारक नसेल, तर बेत आठ दिवस पुढें ढकलावा. हा डोंगर कोठें पळून जात नाहीं.