लोणी नाही, चीज नाही, तरी पदर सुटतात

भाजलेल्या भाज्यांचा व्हीगन पफ पेस्ट्री पिझ्झा करायचा म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. लोण्याशिवाय पफ फुलणार कसा? आणि चीजच नसेल तर तो पिझ्झा कसला? हा पदार्थ बिघडतो तेव्हा दोषही याच दोन गोष्टींच्या अभावाला दिला जातो. खरं तर तो बिघडतो पाण्यामुळे, आणि जमतो तोही पाण्यामुळेच. पिठातलं पाणी पदर उचलतं, भाज्यांमधलं पाणी तेच पदर बसवतं. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचे बरेचसे गैरसमज सोडवता येतात.

पफच्या पिठात यीस्ट नसतं, बेकिंग पावडरही नसते. मैदा, मीठ आणि पाणी यांचा गोळा लाटून त्यात थंड लोण्याची किंवा मार्जरिनची चपटी वडी गुंडाळतात, पुन्हा लाटतात, तिहेरी घडी घालतात, फ्रिजमध्ये विसावू देतात आणि हेच परत परत करतात. फ्रेंच पद्धतीत अशा सहा घड्या होतात. दर घडीला थर तिप्पट होत असल्याने शेवटी लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या १६०० पटींहून जास्त जागा लागते. मधल्या थरांमुळे पिठाचे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले नसतात, म्हणून वाफ त्यांना सुटं करत वर ढकलते. साटा लावून चिरोटे करणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. तिथेही पदर सुटतात ते मधल्या तुपामुळे, आणि ते तूप साजूकच हवं असा काही नियम नाही.

लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, पफ त्यानेच फुलतो, असंही सांगितलं जातं. त्या पाण्याची मदत होते, पण त्यावाचून अडत नाही. याचा पुरावा आपल्या चहाच्या टेबलावरच असतो. अनेक बेकऱ्यांत खारी आणि पॅटिस वनस्पती तुपात होतात. वनस्पतीत पाणी जवळजवळ नसतंच, तरी खारी फुलते. म्हणजे पफसाठी दुधाची गरज नाही. गरज आहे ती लाटताना मऊ राहील, पण वितळून पिठात मुरणार नाही अशा स्निग्ध पदार्थाची.

याच कारणाने ‘मग तेल घालू’ हा उपाय चालत नाही. तेल पिठात मुरतं आणि थर उरतच नाहीत. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. फ्रिजमधून काढलं की ते ठिसूळ असतं आणि लाटताना त्याचे तुकडे पडतात. मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर काही मिनिटांत पाणी होतं. पफसाठीचं मार्जरिन मुद्दाम असं घडवलेलं असतं की बऱ्याच तापमानात ते मातीसारखं वळावं.

चव मात्र लोण्याचीच वेगळी, हे मान्य करायला हवं. लोणी शरीराच्या उष्णतेहून थोड्या कमी तापमानाला, ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि जिभेवर विरघळून जातं. जास्त तापमानाला वितळणाऱ्या मार्जरिनचा थर टाळूला लागलेला जाणवतो. ही उणीव चीजची नक्कल करून भरत नाही. भाज्या नीट भाजल्या तर बरीचशी भरते.

त्याआधी दुकानातल्या पाकिटाबद्दल. हिरवा ठिपका दिसला की बरेच जण पदार्थ व्हीगन समजतात. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे. त्यात दूध, लोणी, तूप, मध सगळं बसतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे नियम २०२२ मध्ये आले आणि त्यांचं बोधचिन्ह वेगळं आहे: हिरवा व्ही आणि त्यावर पान. ते चिन्ह नसलं तरी पदार्थ व्हीगन असू शकतो. अशा वेळी घटकांची यादी वाचावी आणि तिच्या जवळची ॲलर्जीची ओळ पाहावी. दुधाचा अंश घातलेला असेल तर तो तिथे लिहावाच लागतो.

मार्जरिन म्हणजे दुधाविना, हीसुद्धा चुकीची समजूत. १८६९ मध्ये इपोलित मेज-मुरिएस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने पहिलं मार्जरिन तयार केलं ते गाईच्या चरबीपासून, आणि त्यात दूधही होतं. आजची बहुतेक मार्जरिन वनस्पती तेलांची असली तरी काहींत दुधाची पावडर किंवा व्हे असतं. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. स्पेनमध्ये पफच्या पिठात डुकराची चरबी घालण्याची परंपरा आहे, तेव्हा लोणी नसणं एवढ्यावर विसंबू नये. उलट ब्रिटनमध्ये जस-रोलचा आणि अमेरिकेत पेपरिज फार्मचा साधा पफ वनस्पती तेलांचा असतो आणि तिथले व्हीगन लोक तो सर्रास वापरतात. ‘ऑल बटर’ लिहिलेलं पाकीट वेगळं. तरीही उत्पादनं बदलतात, म्हणून यादी दर वेळी वाचलेली बरी.

आता भाज्या. सर्वांत जास्त पिझ्झे इथेच वाया जातात, कारण भाज्या कच्च्याच पसरल्या तरी भट्टीत शिजतील असं वाटतं. झुकिनी आणि टोमॅटोत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वांगं, ढोबळी मिरची आणि मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या पुढे. पफ वीस-पंचवीस मिनिटांत भाजून होतो. तेवढ्या वेळात हे पाणी भाज्यांतून बाहेर पडतं, पण उडून जात नाही. ते खाली झिरपतं, मधला भाग कच्चा आणि चिकट राहतो आणि लोक म्हणतात, व्हीगन पफ फुलतच नाही.

म्हणून भाज्या आधी वेगळ्या भाजाव्यात. ओव्हन किंवा ओटीजी २०० ते २२० अंशांवर नीट तापवून घ्यावा. वांग्याच्या फोडींना मीठ लावून वीस मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं. ते पुसून काढावं. मग तेलाचा हात लावून फोडी ट्रेवर एकमेकींना न चिकटता, एकाच थरात पसराव्यात. ही सूचना किरकोळ वाटते, पण भाजणं आणि वाफवणं यांतला फरक इथेच पडतो. फोडी गर्दीने ठेवल्या तर त्यांच्याच वाफेत त्या शिजतात, ट्रेमध्ये पाणी साचतं आणि तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही. खमंगपणा मात्र १४० अंशांच्या आसपास सुरू होतो, तोही पृष्ठभाग कोरडा झाल्यावर. अर्ध्या तासाने फोडी आक्रसून निम्म्या झालेल्या दिसतात. हे बरोबर आहे. ट्रेभर भाज्यांचा एक पिझ्झा होतो. कांदा, ढोबळी मिरची आणि लाल भोपळा यांची साखर अशा भाजण्याने खुलते. वांग्यासाठी आमच्याकडे निखाऱ्याची सवय असते, पण भरिताचं वांगं इथे चालत नाही. सालीच्या आत ते वाफेवर शिजलेलं असतं, त्यामुळे ओलं असतं.

ऑलिव्ह तेल एवढ्या आचेला चालत नाही म्हणून ते टाळतात. थोड्या तेलाने माखलेली ओलसर भाजी आणि कढईत धुरावलेलं तेल या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑलिव्ह तेल चालतं, शेंगदाण्याचंही छान लागतं.

भाजलेल्या भाज्या पूर्ण गार होऊ द्याव्यात. गरम भाजी कच्च्या पिठावर ठेवली की भट्टीत जाण्याआधीच थर वितळतात. सॉससुद्धा पातळ नको. आटवलेल्या टोमॅटोचा लेप पुरे, तोही चमच्याच्या पाठीने पुसल्यासारखा.

पफचा चौकोन धारदार सुरीने, सुरी न ओढता वरून दाबून कापावा. कडेपासून दोन सेंटिमीटर आत सुरीने अर्धवट खोल रेघ मारावी आणि रेघेच्या आतल्या भागाला काट्याने टोचावं. कडा फुलते, मधला भाग बसून राहतो. वरून चकाकी यायला अंडंच लागतं असं नाही. सोया दुधात प्रथिनं असल्याने ते लावलं तरी कडा छान तांबूस होते. बदामाच्या दुधाने तेवढी होत नाही. मात्र दूध कडेवरून खाली ओघळू देऊ नये, कापलेले थर त्याने चिकटतात. मग २०० अंशांवर, खालच्या बाजूच्या कप्प्यात, आधीच तापवलेल्या ट्रेवर वीस ते पंचवीस मिनिटं. फक्त मायक्रोवेव्हमध्ये हा पदार्थ होत नाही. कन्व्हेक्शन असेल तर होतो. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवावा, नाहीतर तळाची वाफ तळालाच ओला करते.

राहिला चीजचा प्रश्न. नेपल्सच्या पिझ्झाच्या ज्या दोन प्रकारांना युरोपीय संघाने २०१० मध्ये संरक्षित नोंदणी दिली, त्यांतला मारिनारा हा टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढ्याचाच असतो. त्यात चीज नाही, आणि नावात समुद्र असला तरी मासळीही नाही. चीजविना पिझ्झा ही व्हीगन लोकांनी अलीकडे काढलेली तडजोड नव्हे. पफवरचा पिझ्झा नेपल्सचा नाही, हे मात्र खरं. तिथला पीठ आंबवून करतात. पण इटलीतल्या बेकऱ्यांत पफचे छोटे पिझ्झे सर्रास मिळतात, त्यामुळे नावावरून भांडायचं कारण नाही.

विकतचं व्हीगन चीज मोझरेलासारखं ताणलं जात नाही, कारण तो ताण दुधातल्या केसिनचा असतो. बरीचशी व्हीगन चीज खोबरेल तेल आणि स्टार्चची असतात. माझं मत विचाराल तर ते घालूच नये. काजू भिजवून, लसूण आणि लिंबू घालून केलेली दाट पेस्ट भाजून झाल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी सोडावी. न्यूट्रिशनल यीस्ट मिळालं तर त्यात घालावं. यीस्ट सजीव म्हणून व्हीगन नाही, अशी शंका काढतात. यीस्ट बुरशीच्या कुळातलं आहे, प्राणी नव्हे.

व्हीगन म्हणजे हलकं, ही समजूतही सोडायला हवी. भाजलेल्या पफच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५५० कॅलरी असतात आणि एक तृतीयांशाहून जास्त वजन स्निग्ध पदार्थाचं असतं, मग तो लोण्याचा असो की पामतेलाचा. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली, ही मोठी सुधारणा आहे. पण संपृक्त चरबी राहतेच. हा सणावाराचा पदार्थ आहे.

आणि दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी फक्त व्हीगन चिन्हावर जाऊ नये. त्याच यंत्रावर लोण्याचा पफ झालेला असू शकतो. ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही ओळ त्यांच्यासाठी महत्त्वाची आहे. मैद्यात ग्लुटेन आहे आणि काजूचीही ॲलर्जी असते, हेही पाहुण्यांना आधी विचारावं.

कडा कापून उरलेल्या पट्ट्या गोळा करून मळू नयेत. मळलं की थर मोडतात. पट्ट्या एकमेकींवर रचून लाटाव्यात, वर जिरं आणि जाडं मीठ दाबावं आणि त्याच ट्रेच्या रिकाम्या कोपऱ्यात भाजाव्यात. पिझ्झाच्या आधी त्या तयार होतात.