छातीवरचा बिल्ला

क्ष-किरणगृहात वा किरणोत्सारी द्रव्याच्या सान्निध्यात काम करणाऱ्याच्या छातीवर जो लहानसा बिल्ला दिसतो, तो त्याचे रक्षण करतो अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते; वस्तुतः तो बिचारा पहारेकरी नसून केवळ कारकून आहे, आणि त्यातील कॅल्शियम सल्फेटाच्या चकत्या तापवल्या असता ज्या मंद प्रकाशाने उजळतात, त्यावरून त्या तिमाहीत देहाने किती मात्रा सोसली याचा हिशेब दफ्तरी नोंदला जातो.

प्रशिक्षणातील हा आरंभीचाच पाठ. शिशाचा एप्रन असेल तर बिल्ला त्याच्या आत लावायचा. आणि एप्रन बिल्ल्यासकट किरणांच्या खोलीतच टांगून कोणी घरी गेला, तर न घेतलेली मात्राही त्याच्या नावे खर्ची पडते!

अणुशक्तिनगरातून कारभार पाहणाऱ्या, १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची ताकीद अशी, की पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा ओलांडता कामा नये. वेळ कमी, आडोसा जाड, ही सूत्रे सर्वांस सहज उमगतात. मला मात्र अंतराचे सामर्थ्य विलक्षण वाटते, कारण बिंदुवत् उगमापासून दुप्पट दूर सरताच मात्रा चतुर्थांशावर येते, आणि त्यास दमडीही लागत नाही.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात, एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातील कोबाल्ट-६० उघडा पडून एका कामगाराचा मृत्यू झाला. भंगार फोडणाऱ्या त्या हातांना हे धडे कोणी दिलेलेच नव्हते.