पोटातले अस्तर

गेल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातील एका वाडीवरचा पोरगा बारामतीच्या दवाखान्यात दाखल झाला. आम्ही कचेरी सुटल्यावर पोहोचलो, तर त्याच्या आईने कागद पुढे केला. "दादा, अंगठा मागत्यात. काय लिवलंय त्ये सांगा." कागदावर शब्द होता पेरिटोनायटिस. आम्ही बी. कॉम.; ताळेबंद वाचता येतो, हा शब्द काही उमजेना. नर्सबाई घाईत म्हणाल्या, "पोटात पू झालाय."

नंतर आम्ही या शब्दाच्या मागेच लागलो. पोटाच्या पोकळीला आतून पातळ पडदा असतो. तोच आतडी, जठर, यकृत यांच्यावरही पांघरलेला असतो. त्याचे नाव पेरिटोनियम. मूळ ग्रीक अर्थ 'भोवती ताणलेले'. मराठी शास्त्रीय लिखाणात त्यास 'पर्युदर' म्हणतात, म्हणजे परि अधिक उदर. शब्द चांगला आहे, पण डॉक्टरच्या तोंडून आम्ही तो कधी ऐकला नाही. आपल्या आयाबहिणींना वस्तू मात्र ठाऊक आहे. वजडी साफ करताना आतड्याला बाहेरून लागलेला निसरडा पापुद्रा लागतो ना हाताला, तोच हा.

शेवटी 'आयटिस' लागले की दाह समजावा. अपेंडिक्स फुटले, अल्सरने जठराला किंवा टायफॉइडने आतड्याला भोक पडले, की आतली घाण या पडद्यावर सांडते. पोट फळीसारखे कडक होते, रोगी हात लावू देत नाही, हालचाल नको म्हणतो. फसगत अशी की अपेंडिक्स फुटल्यावर कधी कधी कळ थोडा वेळ कमी होते. या पोराच्या घरी तेच घडले. दोन दिवस पोट चोळले, एरंडेल पाजले; कळ थांबली तशी "उतार पडला" म्हणून सगळे निर्धास्त झोपले. अशा वेळी चोळू नये, जुलाबाचे काही देऊ नये, रात्र असली तरी 108 ला फोन करावा.

अंगठ्याआधी आम्ही डॉक्टरांना पुन्हा बोलावले. ते जरा चिडले, पण त्यांनी कागदाच्या पाठीमागे चित्र काढून दाखविले. तीन मिनिटेही लागली नाहीत. माउली लोकांची झंपरे शिवते. चित्र पाहून म्हणाली, "म्हंजी आतलं अस्तर नासलंय. मग करा आपरेशन." आणि अंगठा दिला.

पोट उघडून आतून धुऊन काढले, पोरगा वाचला. वाडीवर कोणी विचारले तर ती सांगते, "पोराचं अस्तर धुतलं." आम्हांस हा शब्द पर्युदरापेक्षा सरस वाटतो.