सभा भरण्याआधीचे गाणे

डिसेंबरात तानसेन समारोहाचे दिवस आले, की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : आज मोठे कोण आहे, आणि ते किती वाजता बसणार? उत्तर मिळाले, की त्या बेताने शाली काढल्या जातात आणि रिक्षा ठरते. आमचे सांगणे एवढेच, की या हिशेबात संध्याकाळचा एक मोलाचा भाग दरवर्षी निसटतो.

माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९२४ साली, हजिऱ्यावरील तानसेनाच्या समाधीपाशी उरूस म्हणून सुरू झालेल्या या उत्सवाने २०२४ मध्ये शंभरी गाठली. आरंभी ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद, पुढे प्रत्येक सभेच्या प्रारंभी इथल्याच संगीत विद्यालयांतील मुलांचे ध्रुपद, हा क्रम पाळला जातो. त्या वेळी मांडवात बहुधा मोकळ्या खुर्च्याच अधिक असतात.

गेली काही वर्षे आम्ही मुद्दाम लवकर जातो. एकदा एक तरुण गायिका तिलवाड्यात ख्याल गात होती. तानेच्या भरात मुखडा उचलण्याची जागा निघून गेली. तिने क्षणभर तबलजीकडे पाहिले, हसली, ते आवर्तन तसेच जाऊ दिले आणि तीच तान वाढवीत पुढच्या आवर्तनात नेमकी समेवर उतरली. मांडवात फार तर चाळीस माणसे असतील. पण त्यांनी दिलेली दाद तिला पोहोचली. त्यानंतरचे तिचे गाणे निराळेच झाले. घरी घोटलेले बाजूला राहून, तिथल्या तिथे सुचलेले गळ्यातून येऊ लागले.

आमच्या घरांतील तरुण मंडळींना पाश्चात्य बँडचे 'जॅम' प्रिय आहे. शास्त्रीय संगीत आधीच ठरलेले असते, असा त्यांचा समज. साठच्या दशकात अमेरिकेत जेम्स ब्राउनच्या वादकवृंदाने 'फंक' रूढ केले, त्याचा सारा जोर पहिल्या मात्रेवर. ड्रम आणि बास गिटार यांनी एक आवर्तन फिरवीत ठेवायचे, बाकीच्यांनी त्यावर सुचेल ते रचायचे आणि पहिल्या मात्रेवर पुन्हा एकत्र यायचे. दोन्हींचे स्वरविश्व वेगळे, हे खरे. परंतु ठेका, उपज आणि सम ज्याच्या कानात आहेत, त्याला ही वाट परकी वाटू नये. आणि फंकवर डोलणाऱ्या नातवालाही तिलवाड्याची सम सापडावी.

अशा गाण्याला समोर माणूस लागतो. रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणारा तरुण जोखीम घेत नाही. पाठ केलेल्या ताना सुखरूप पार पाडून उठतो. मग आपणच म्हणतो, की आताच्या मुलांत ती उपज राहिली नाही!

ग्वाल्हेरची गायकी मराठी घरांत आली, ती केवळ दरबारातून नव्हे. दरबार सुटल्यावर निसार हुसेन खाँ शंकरराव पंडितांच्या घरी राहिले आणि तिथे विद्या रुजली. त्याच घरात वाढलेल्या कृष्णराव पंडितांना पुढे १९८० मध्ये तानसेन सन्मान लाभला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकून ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. ही सारी माणसे एके काळी नवखीच होती, आणि त्यांचे गाणे कोणीतरी बसून ऐकले होते.

युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील नगर म्हणून निवडले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. मोठ्या कलावंतांची ध्वनिमुद्रणे घरबसल्या मिळतात. पण विशीतल्या मुलाला आज संध्याकाळी जे सुचेल, ते हजिऱ्यावरच्या मांडवातच ऐकावे लागेल. तेव्हा वाचकहो, पुढल्या समारोहाला तासभर आधी निघा. मुलानातवंडांना बरोबर घ्या, थर्मासमध्ये चहा असू द्या आणि पुढच्या रांगेत बसा. गाणाऱ्याचे नाव ओळखीचे नसेल तर पत्रिकेत पाहून लक्षात ठेवा आणि जागा आवडली, तर 'वा' म्हणायला संकोचू नका.