पाणी हेंच जीवन : ॲक्सोलॉटलचें आजारपण

संस्कृतांत पाण्याला जीं अनेक नांवें आहेत, त्यांत ‘जीवन’ हें एक असून अमरकोशांतही तें नमूद आहे. मनुष्याच्या बाबतींत हें नांव अन्वर्थक आहेच. परंतु जे प्राणी पाण्यांतच श्वास घेतात, पाण्यांतच खातात आणि त्याच पाण्यांत मलमूत्र सोडतात, त्यांच्या बाबतींत तें अक्षरशः खरें ठरतें. ॲक्सोलॉटल हा अशांपैकींच एक प्राणी. अलीकडे देशोदेशींच्या घरांतून मुलें तो मोठ्या हौसेनें पाळतात, आणि तो आजारी पडला म्हणजे ‘औषध कोणतें द्यावें?’ असा पहिला प्रश्न करतात. वास्तविक हा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न पाण्याचा आहे.

ॲक्सोलॉटल हा मासा नव्हे. बेडकाप्रमाणें तो उभयचर वर्गांतला आहे. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को नांवाचें सरोवर होतें. आज त्याचे कालवेच काय ते उरले आहेत. तेंच ह्याचें माहेर. बेडकाचें पिल्लू वाढतां वाढतां कल्ले टाकून जमिनीवर येतें. हा प्राणी मात्र बाल्यावस्थेंतले कल्ले जन्मभर बाळगतो आणि त्याच अवस्थेंत त्याला प्रजाही होते. मानेच्या दोन्ही बाजूंस तुऱ्यांसारखे जे तीन-तीन कल्ले दिसतात, ते हेच. सन १८६४ मध्यें चौतीस ॲक्सोलॉटल मेक्सिकोहून पॅरिसला पोंचले, आणि तेव्हांपासून युरोपांत त्यांची पैदास सुरू झाली. मूळ ठिकाणीं मात्र त्यांची दशा शोचनीय आहे. सन १८९८ नव्हे, तर अगदीं अलीकडे सन १९९८ मध्यें तेथें दर चौरस किलोमीटरास सुमारें ६००० ॲक्सोलॉटल मोजले गेले. सन २०१४ मध्यें ते अवघे ३६ राहिले. शहराचें सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले तिलापिया व कार्प मासे, हीं त्याचीं मुख्य कारणें. तात्पर्य, रानांतही त्याचा घात पुष्कळ अंशीं बिघडलेल्या पाण्यानेंच केला आहे.

आतां घरांतल्या कांचेच्या टाकीकडे वळूं. प्राण्याची विष्ठा आणि उरलेलें अन्न कुजून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, पण कल्ले जाळतो. टाकींत आणि फिल्टरच्या स्पंजांत कांहीं उपकारक सूक्ष्म जंतु वस्ती करतात. त्यांतले एक प्रकारचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानें सौम्य असून पाण्याचा कांहीं भाग वरचेवर बदलल्यानें तें आटोक्यांत राहतें. ही वस्ती जमण्यास साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. म्हणून टाकी आधीं सिद्ध करावी आणि प्राणी मागाहून आणावा.

आमचा एक नातू शिक्षणासाठीं परदेशीं राहतो. त्याच्या ॲक्सोलॉटलनें एकाएकीं खाणें सोडलें, कल्ल्यांचे तंतु आंखडले, शेंपटीचें टोंक वळलें आणि कल्ल्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसूं लागली. नातवानें लिहिलें, “आजोबा, पाणी तर स्फटिकासारखें आहे. मागल्याच आठवड्यांत मीं फिल्टरचा स्पंज नळाखालीं घासून लख्ख केला.” रोगाचें बीज ह्या वाक्यांतच होतें! नळाच्या पाण्यांत जंतुनाशक म्हणून क्लोरीन घातलेला असतो. त्यानें उपकारक जंतूंची वस्ती नष्ट केली. पाणी तपासलें तेव्हां अमोनिया आढळलाच. जें लख्ख दिसतें तें शुद्ध, ही आपल्या घरोघरची समजूत येथें उपयोगी पडत नाहीं. स्पंज धुवावयाचा तो टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत, आणि तोही हलक्या हातानें.

अशा वेळीं पुढील क्रम ठेवावा. प्रथम पाण्याची परीक्षा करावी. त्यासाठीं रंग पाहून प्रमाण ठरविण्याचीं द्रव्यें बाजारांत मिळतात. अमोनिया व नायट्राइट शून्य असावें. नायट्रेट दहा लाख भागांत वीस भागांहून कमी असलेलें बरें. हीं विषें आढळल्यास रोग्याला क्लोरीन काढलेल्या थंड पाण्याच्या स्वतंत्र भांड्यांत ठेवावें आणि तें सर्व पाणी रोज बदलावें. नवें पाणी जुन्याइतकेंच थंड असावें. क्लोरीन काढण्याचें औषध वापरावें. कारण कित्येक ठिकाणीं पाण्यांत क्लोरामाइन घालतात, आणि तें पाणी नुसतें रात्रभर उघडें ठेवल्यानें जात नाहीं. पुष्कळ पाळणारे ह्या भांड्यांत बदामाचें वाळलेलें पान टाकतात. आपल्या कोंकणांत अंगणोअंगणीं दिसणारें, पानें लाल होऊन गळणारें बदामाचें झाड, तेंच हें. बुरशी वाढली, अंगावर लाल चट्टे उठले किंवा प्राण्यानें बरेच दिवस अन्न घेतलें नाहीं, तर मात्र घरगुती उपाय पुरे करून जाणत्या पशुवैद्याकडे जावें.

उष्णता हें दुसरें मोठें कारण. ह्या प्राण्याला १६ ते १८ अंश सेंटिग्रेडचें पाणी मानवतें; २४ अंशांच्या वर तें गेलें कीं प्रकृति ढांसळूं लागते. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो आणि अमोनियाचें विषही तीव्र होतें. म्हणून पाणी थंड करणाऱ्या यंत्राची सोय ज्यांच्याकडे नाहीं, त्यांनीं आपल्याकडील उन्हाळ्यांत हा पाहुणा घरांत आणूंच नये. त्यांतच खरी भूतदया आहे.

नातवाचा ॲक्सोलॉटल रोज नव्या पाण्यांत राहून तीन आठवड्यांनीं गांडूळ खाऊं लागला. आंखडलेले तंतुही पुन्हां फुटूं लागले. टाकींत जंतूंची वस्ती पुनः जमेपर्यंत त्याला भांड्यांतच ठेवावें लागलें, हें सांगावयास नकोच. आयुर्वेदांत चिकित्सेचा पहिला नियम ‘निदानपरिवर्जन’, म्हणजे रोगाचें कारणच दूर करणें, हा सांगितला आहे. मुक्या प्राण्याला आपलें दुखणें बोलून दाखवितां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलतें तें पाणीच. मुलांना प्राणी घेऊन देण्यापूर्वीं तें पाणी वाचावयास शिकवावें, एवढीच वडीलधाऱ्यांस विनंति आहे.